बदलापूरच्या पुढे

संध्याकाळची कर्जत गाडी बदलापूरला अर्धीअधिक रिकामी होते. तोवर डब्यात माणसांच्या पाठी, पिशव्या आणि वर धरलेले हात एवढंच दिसत असतं. बदलापूर सुटलं की आत पहिल्यांदा वारा शिरतो. पावसाळ्यात त्याला चिखलाचा आणि भाताच्या कोवळ्या रोपांचा वास असतो, दिवाळीच्या सुमारास कापून पडलेल्या पेंढ्याचा, मार्च सरताना जळक्या पाल्याचा. जागा मिळालेल्या बायका पाय जरा लांब करतात, कुणी निवडायची राहिलेली मेथी पुन्हा मांडीवर घेते, बोलण्याचा आवाज आपोआप खाली येतो. पुढचं स्टेशन अकरा किलोमीटरवर. या अकरा किलोमीटरांत शहर संपतं असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. शहर इथे विरळ होतं, आणि त्या विरळ जागेत आम्ही राहतो.

वांगणी. मुंबईच्या टर्मिनसपासून 79 किलोमीटर. या मार्गावरचं ठाणे जिल्ह्यातलं शेवटचं स्टेशन. पुढचं शेलू रायगडात. इमारती सात-सात मजली उभ्या राहिल्या तरी कारभार ग्रामपंचायतीचा. पश्चिमेला माथेरानची रांग, तिच्यात चंदेरीचा सुळका. पूर्वेला उल्हास नदी आणि तिच्या पार पलीकडे सह्याद्रीची मुख्य भिंत. डोंगर पश्चिमेला असल्यामुळे इथली संध्याकाळ लांबते. सूर्य रांगेआड गेला तरी उजेड मागे रेंगाळतो, पूर्वेकडचे कडे उशिरापर्यंत तांबूस दिसत राहतात. उन्हाळ्यात डोंगराच्या सावलीची वाट अख्खा गाव पाहत असतो.

आम्ही इथे डोंगरासाठी आलो नव्हतो, घराच्या किमतीसाठी आलो. डोंबिवलीत भाड्याच्या दोन खोल्यांत होतो. तिथे जेवढ्या पैशांत स्वतःचं स्वयंपाकघरही झालं नसतं, तेवढ्यात इथे गॅलरीसकट घर झालं. इथे आलेल्या बहुतेक कुटुंबांची गोष्ट हीच आहे. निसर्ग नंतर मिळाला. पण नंतर मिळाला म्हणून तो कमी खरा नाही.

तो कसा मिळाला ते मला नीट सांगायचं आहे, कारण जाहिरातींत जी हिरवळ दाखवतात तिच्याशी त्याचा संबंध नाही. मला आधी मिळाली ती भाजी. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर स्टेशनबाहेर ठाकूरवाडीच्या बायका टोपल्या घेऊन बसतात. पहिली येतात ती शेवळं, जमिनीतून सरळ वर आलेले जांभळट, गुंडाळलेले कोंब. मी पहिल्यांदा जुडी उचलली तेव्हा विकणाऱ्या मावशींनी ती परत घेतली आणि तिच्यात मूठभर हिरवी आंबट फळं ठेवली. "ताई, काकडं घातल्याबिगर रांधू नको, घसा खाजंल." शेवळं आणि काकडं रानात एकाच वेळी तयार होतात, खाज आणि खाजेवरचा उतारा एकदम. मग टाकळा येतो, कुर्डू येतो, कंटोळी येतात. भारंगीचा कडवटपणा जिभेला शिकावा लागतो. मे महिन्याच्या अखेरीला पानं अंथरलेल्या टोपल्यांतून बदलापूरची जांभळं येतात. त्या जांभळांना आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे; मात्र ज्या बांधांवर ती झाडं उभी होती, तिथले बरेच बांध प्लॉटांत गेले. मावशींमुळे मला वर्षाचे तुकडे महिन्यांनी न मोजता चवीने मोजायची सवय लागली. चाळिशीनंतर एखादं नवं पंचांग असं आतून उमगणं ही फार मोठी गोष्ट आहे. ती मला शहराने दिली नसती.

दुसरं मिळालं ते शेत. स्वतःचं नव्हे, डोळ्यांसमोरचं. आमच्या गॅलरीखाली एका कुटुंबाची भातखाचरं आहेत. उन्हाच्या दिवसांत ते रोपवाटिकेच्या जागेवर पाला, गवत, शेण पसरून राब जाळतात. तणाचं बी मरतं, राख जमिनीत मुरते, मग पहिल्या पावसावर बी पेरायचं. रोपं वीतभर वाढली की उपटून जुड्या बांधायच्या आणि चिखलात लावायच्या. लावणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसं आणि आलेले पाहुणेसुद्धा वाकलेले दिसतात. भात निघाल्यावर त्याच जमिनीत, उरलेल्या ओलीवर, पाणी न देता वाल येतो. थंडीत दव पडलं की त्याचा वेल तजेलदार होतो. एका पावसाच्या ओलीवर दोन पिकं घेण्याचं हे ज्ञान कुणी लिहून ठेवलेलं मी पाहिलं नाही. ते समोर, आमच्या गॅलरीखाली, दर वर्षी पुन्हा केलं जातं.

आणि आकाश. नेहरोली हे वांगणीजवळचं गाव; मुंबईचं खगोल मंडळ कित्येक वर्षं तिथे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत आलं आहे. रात्रीच्या लोकलने दुर्बिणी घेऊन उतरणारी कॉलेजची मुलं मी पाहिली आहेत. मुंबईच्या इतक्या जवळ, रेल्वेने जाता येईल अशा जागी एवढा अंधार शिल्लक होता म्हणून मंडळ इथे आलं. डिसेंबरात मृग नक्षत्र वर चढतं तेव्हा गच्चीवर सतरंजी टाकून आडवं व्हायचं. बोलायचं काही नसतं. पण क्षितिजालगतचा बदलापूरकडचा उजेड दर वर्षी थोडा वर सरकतो, हे नजरेआड करता येत नाही.

आता दुसरी बाजू. ती मी हळू आवाजात सांगणार नाही, कारण ज्यांना ती सोसावी लागते त्यांच्यावर तो अन्याय होईल.

पहिली गोष्ट गाडीची. बदलापूर लोकल बदलापूरला संपते, आमच्या वाट्याला फक्त कर्जत आणि खोपोलीच्या गाड्या. एक चुकली तर पुढच्या गाडीसाठी फलाटावर बराच वेळ जातो. सकाळची गाडी कर्जतहूनच भरून येते. मुंबईपर्यंत पावणेदोन-दोन तास, तेवढेच परत. दिवसाचे चार तास लोखंडी डब्यात. आमच्या महिला डब्याने त्या चार तासांचं घर केलं आहे. तिथे भाज्या निवडल्या जातात, भिश्या चालतात, दसऱ्याला डब्याला तोरण बांधलं जातं, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. याचं कौतुक खूप लिहिलं जातं. ते कौतुक मला पुरेसं वाटत नाही. कारण ही सगळी कामं डब्यात होतात ती बायकांना घरी वेळ उरत नाही म्हणून. पहाटे साडेचारला उठून डबे भरणारी बाई रात्री आठला परतते. तिच्या गॅलरीतून दिसणारा डोंगर तिला रविवारीच दिसतो. ज्याने आठवड्याचे सहा दिवस प्रवासात घालवले, त्याला या जागेचं सुख जेमतेम चाखायला मिळतं. मी शिकवणीचं काम घराजवळ आणलं तेव्हापासून मला दुपार दिसू लागली. त्याआधी मी इथे फक्त झोपायला येत होते.

दुसरी गोष्ट उन्हाची. समुद्र दूर, मधे डोंगर. मुंबईला जो खारा वारा दुपारी सुटतो, तो इथवर येत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. नेमकी तेव्हाच वीज जाते आणि बोअरचं पाणी खाली जातं. टँकरची शिट्टी वाजली की सगळा जिना एका वेळी जागा होतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जड. शेजारच्या आजोबांच्या छातीत एका पावसाळी रात्री कळ आली. रुळांवर पाणी, गाड्या बंद, रस्ता खड्ड्यांतून. जवळच्या दवाखान्यात सोय नव्हती. कल्याणच्या बाजूला एका रुग्णालयाने जागा नाही म्हणून पुढे पाठवलं. पहाटे त्यांना उपचार मिळाले, ते वाचले. पण महिन्याभरात आजी-आजोबा ठाण्याला मुलाकडे गेले ते कायमचे. जाताना आजींनी तुळस आमच्याकडे दिली. इथे माणूस तरुणपणी घर घेतो, निवृत्तीची स्वप्नं रंगवतो, आणि नेमकं निवृत्तीच्या वयात त्याला इथून उठावं लागतं. झाडं, पक्षी, हवा हे सगळं म्हातारपणासाठी घेतलेलं असतं आणि म्हातारपणीच ते परवडत नाही. साप चावला तर तेच. घोणस आणि मण्यार इथल्या बांधांवर आहेतच. त्या आमच्या आधीपासून आहेत. सर्पमित्राचा नंबर प्रत्येक घरात भिंतीवर लिहिलेला असतो. पण रात्री दोन वाजता सापाच्या विषावरचं प्रतिविष असलेल्या रुग्णालयापर्यंत किती वेळात पोचता येईल, या एका प्रश्नावर इथलं जगणं टांगलेलं राहतं.

आणि माझी मुलगी. ती आठवीत असताना आम्ही आलो. मैत्रिणी डोंबिवलीत राहिल्या, ग्रंथालय तिथे, नृत्याचा वर्ग तिथे. कॉलेज सुटल्यावर मैत्रिणी चहाला थांबतात तेव्हा ही गाडीकडे धावते, कारण स्टेशनवरून घरी येणारा रस्ता अंधाराचा. एकदा ती अगदी शांतपणे म्हणाली, "आई, इथली शांतता तुला हवी होती. मला माणसं हवी होती." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. घराचे गुणदोष मांडताना आपण एकच माणूस गृहीत धरतो, पण घरात राहणारी माणसं एका वयाची नसतात. चाळिशीला जो एकांत वाटतो, तोच सतराव्या वर्षी एकटेपणा असतो.

तरीही माणसांचा विषय निघालाच आहे तर वांगणी स्टेशनवरची माणसं सांगायला हवीत. दृष्टिहीन बांधवांची फार मोठी वस्ती इथे आहे. भाडं परवडतं, गाडी दारात. लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून अनेकांचं घर चालतं. सकाळी फलाटावर पांढऱ्या काठ्यांचा आवाज असतो आणि त्या आवाजाला लोक सहज वाट करून देतात. 17 एप्रिल 2021 ला अशाच एका आईचं लहान मूल फलाटावरून रुळांवर पडलं आणि समोरून एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून धावत गेले, मुलाला वर ढकललं आणि स्वतः कसेबसे वर चढले. ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. पुढे मिळालेल्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी त्या मायलेकरांना द्यायचं ठरवलं. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. हे स्टेशन अजून एवढं लहान आहे की इथे कोण फलाटावर चालतं आहे, याकडे कुणाचं तरी लक्ष असतं.

म्हणजे मांडून पाहिलं तर सगळं एकाच मुळातून येतं. अंधार आहे म्हणून तारे आहेत, आणि अंधार आहे म्हणून मुलगी घाबरते. दूर आहे म्हणून घर परवडलं, शेत उरलं, शेवळं मिळाली. दूर आहे म्हणून आजोबांना रुग्णालय मिळेपर्यंत पहाट झाली. चांगलं ठेवून वाईट तेवढं काढून टाकता येईल, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आता मी दोन वेगळ्या प्रकारचं दूरपण मानते. एक, जे मोडलंच पाहिजे: दवाखान्याचं, प्रतिविषाचं, रात्रीच्या दिव्याचं, गाडीचं. दुसरं, जे राखलं पाहिजे: शेताचं, ओढ्याचं, आकाशाचं. इथे मात्र दुसरं आधी मोडलं जात आहे आणि पहिलं तसंच आहे.

या खोऱ्यातून शहर पूर्वीपासून घेत आलं आहे. 1856 मध्ये रेल्वे घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोचली तेव्हापासून ही जागा मुंबईच्या वाटेवरची. 1922 मध्ये भिवपुरीला टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं. घाटावर आंध्रा नदी आहे. तिचं पाणी इंद्रायणीत, भीमेत, कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचं. ठोकरवाडीच्या धरणाने ते अडवलं, डोंगरातून खाली सोडलं, त्याच्यावर वीज केली आणि ती मुंबईला गेली. वापरलेलं पाणी उल्हासमध्ये आलं, म्हणून उल्हास भर उन्हाळ्यातही वाहती राहते. पुढे बदलापूरपासून शहाडपर्यंत तेच पाणी उचललं जातं आणि शहरांच्या नळांना जातं. हे घेणं ओळखणारा एक माणूस याच डोंगरातला होता. माथेरानचे भाई कोतवाल वकील होते, दुष्काळी दिवसांत शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या चालवल्या होत्या. 1942 मध्ये त्यांच्या आझाद दस्ता या क्रांतिकारी गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील गोळीबारात मारले गेले. स्वच्छ हवेच्या दिवशी सिद्धगडाचा डोंगर पूर्वेला दिसतो. डोंगरातल्या पाण्याची वीज आणि तिच्यावर चालणारं शहर यांचं नातं त्या माणसाला किती नेमकं कळलं होतं, हा विचार तो डोंगर दिसला की हटकून येतो.

आता शहर पाणी आणि वीज घेऊन थांबत नाही, जमीनच घेतं. बदलापूरजवळून माथेरानच्या रांगेखाली महामार्गाचे बोगदे खणले गेले. पनवेल-कर्जत रेल्वेमार्ग दुसऱ्या बाजूने आला. अंतर कमी होणार म्हणताच खाचरांच्या कडेला रंगवलेले दगड रोवले गेले, "एन.ए. प्लॉट" अशा पाट्या लागल्या. बदलापुरात 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत माणसं होती, 2011 ला पावणेदोन लाख. ती वाढ आता आमच्या दिशेने सरकते आहे. शेत विकणाऱ्याला मी बोल लावणार नाही. खालच्या खाचरांच्या मालकाने मला सरळ विचारलं होतं, "ताई, तुमच्या नजरेसाठी मी भात लावू का?" त्यांचा मुलगा नोकरीला जातो, लावणीला मजूर मिळत नाहीत, भाताला भाव नाही. आणि आमच्याच संकुलातले लोक दर वर्षी राबाच्या धुराची तक्रार करतात. ज्या शेताकडे तोंड करून घर घेतलं, त्या शेताचं काम मात्र आम्हाला नको असतं. हे मला फार टोचतं.

खाचर हे पाणी साठवायचं भांडं आहे. बांध घालून पावसाचं पाणी तुंबवायचं आणि हळूहळू पुढे सोडायचं, हेच त्याचं काम. त्याच्यात दोन-तीन मीटर भराव टाकून इमारत उभी केली की ते पाणी शेजाऱ्याकडे जातं. 26 जुलै 2005 च्या पुरात उल्हासने काय केलं ते बदलापूरकरांना वेगळं सांगायला नको. बरोबर चौदा वर्षांनी, 26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून निघालेली कोल्हापूरची महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली. सकाळी तिच्या सगळीकडे तळं होतं. हजारावर प्रवाशांना रबरी होड्यांतून बाहेर काढलं, चामटोलीच्या बाजूचे गावकरी मदतीला धावले. ज्या अकरा किलोमीटरांत डब्यात वारा शिरतो, तीच ही जागा. नकाशावर नदीच्या कडेने निळी आणि लाल पूररेषा आखलेली आहे. जमिनीवर मात्र भरावाचे डंपर रात्री येतात.

मला इथून जायचं नाही. मुलीने शिकायला मुंबईत खोली घेतली तर मी तिला आनंदाने पाठवीन, आणि म्हातारपणाचं काय ते आजोबांसारखं तेव्हा ठरेल. पण राहायचं तर नुसतं गॅलरीत राहून भागणार नाही. संकुलांतली बहुतेक माणसं ग्रामसभेला जात नाहीत. अनेकांचं मतदान अजून जुन्या पत्त्यावर आहे. वर्षातून निदान चारदा, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखांच्या आसपास सभा भरते हेच त्यांना ठाऊक नसतं. मी माझं नाव इथल्या यादीत आणून घेतलं आणि जाऊ लागले. सभेत मागे बसलेल्या वाडीवरच्या बायका आधी मला पाहून गप्प व्हायच्या. आता जागा करून देतात.

येत्या 2 ऑक्टोबरला माझे तीन विषय लेखी दिले आहेत: ओढ्यातला भराव काढणं, संकुलांचं सांडपाणी न गाळता उल्हासमध्ये सोडलं जातं त्याबद्दल पंचायतीने नोटिसा देणं, आणि 108 ची एक रुग्णवाहिका रात्रभर स्टेशनजवळ उभी राहावी म्हणून ठराव करून जिल्ह्याला पाठवणं. चौथा विषय मावशींचा. ठाकूरवाडीहून स्टेशनकडे येणारी त्यांची जुनी पायवाट आमच्या संकुलाच्या कुंपणभिंतीने अडवली आहे. भाजीची टोपली डोक्यावर घेऊन त्यांना आता महामार्गाच्या कडेने लांबून वळसा घालून यावं लागतं. भिंतीत दार काढून वाट मोकळी करावी, असा त्यांचा अर्ज आहे. सोसायटीने सुरक्षेचं कारण देऊन विरोध करायचं ठरवलं आहे. त्या अर्जावर वाडीतल्या बायकांचे अंगठे आणि सह्या आहेत, आणि त्यांच्याखाली सोसायटीची सभासद म्हणून माझी सही आहे.